हाडांचे डोर्लेकरमामा

आमच्या नर्सिंग कॉलेजातले डोर्लेकरमामा कुणाची ओळख करून देताना त्याचं नाव सांगत नाहीत. सांधा सांगतात.

मी इथं शरीररचना शिकवायला रुजू झाले त्या दिवशी तेच मला जिन्यानं वर घेऊन चालले होते. वाटेत हेडक्लार्क भेटले, हसून दोन शब्द बोलले आणि खाली उतरून गेले. मामा मागं वळून न बघता म्हणाले, "उखळीचा सांधा. खांद्यासारखा. म्हणाल त्या बाजूला फिरतो." पुढं वसतिगृहाच्या रेक्टरबाई दिसल्या. "बिजागरी. गुडघ्यासारखी. एकाच बाजूला वळते. उलटा जोर लावलात तर आपलंच नुकसान." मग प्राचार्याबाईंच्या बंद दाराशी येऊन ते थांबले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "कवटीचा सांधा. दिसतो, पण हलत नाय."

"आणि मी?" मी विचारलं.

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "सहा महिने जाव देत. मग सांगतो."

मामांचं नाव दत्ताराम. गाव पूर्णगड. हुद्दा प्रयोगशाळा परिचर, म्हणजे बाटल्या धुणं, टेबलं पुसणं, प्रात्यक्षिकाच्या आधी हाडांचे ट्रे लावणं. शिक्षण आठवीपर्यंत, आणि त्याबद्दल ते कधी ओशाळत नाहीत. खाकी पँट, पांढरा शर्ट आणि खिशात एक स्टीलची फूटपट्टी. ही पट्टी कशाला, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. वर्गात मी मांडीचं हाड उचललं, हे डावं म्हणून सांगितलं, आणि मागच्या दाराशी कुणीतरी खोकलं. मी पुढं बोलत राहिले. पुन्हा खोकला. वर्ग संपल्यावर मामांनी ते हाड टेबलावर ठेवलं आणि पट्टीच्या टोकानं त्याचं गोल डोकं दाखवलं. "हे आत बघतं, खुब्याकडे. मागचा उंचवटा मागं ठेवा. आता बघा. उजवं आहे, मॅडम."

उजवंच होतं. माझ्याकडे विद्यापीठाची पदवी होती आणि घाबरलेल्या माणसाला होते तशी घाई होती. त्या दिवसापासून आमचा करार झाला. डाव्या-उजव्याची चूक असेल तर एक खोकला, हाडच चुकलं असेल तर दोन. दोन खोकले मी फक्त एकदाच ऐकले.

दुपारच्या सुट्टीत मामांचा वेगळा वर्ग भरायचा. तो कुठल्याही वेळापत्रकात नव्हता. गावाकडून आलेल्या, इंग्रजी नावांनी गांगरलेल्या पोरी डबे घेऊन प्रयोगशाळेत बसायच्या. पाली गावची सायली नावाची एक मुलगी होती. पहिल्या चाचणीत तिनं कोरा पेपर दिला आणि घरी परत जाते म्हणून बॅग भरली. मामांनी तिला थांबवलं नाही. एवढंच विचारलं, "घरी जाणार ना? होय की नाय ते मानेनं सांग." तिनं मान वरखाली हलवली.

"हा पहिल्या मणक्याचा आणि कवटीचा सांधा," मामा म्हणाले. "आता नाय म्हण." तिनं मान आडवी हलवली. "हा पहिल्याचा आणि दुसऱ्याचा. खुंटीचा सांधा. दुसऱ्या मणक्याला खुंटी असते, तिच्याभोवती पहिला फिरतो. होय आणि नाय, दोघांना वेगळा सांधा दिलाय देवानं. काही माणसांचा त्यातला एक गंजतो." आणि त्यांनी प्राचार्याबाईंच्या केबिनकडे बघितलं. सायली रडता रडता हसली. बॅग परत कपाटात गेली.

पुढं ती अंगठा हलवत विचारायची, "मामा, हा कुठला?" "खोगिरीचा. एक हाड घोड्यासारखं, दुसरं स्वारासारखं. म्हणून तर तुला सुई धरता येते." तिला इंग्रजी नावं मी शिकवली. पण नाव कशाचं आहे ते तिला मामांमुळे कळलं होतं, म्हणून ती नावं टिकली.

सहा महिने झाले तेव्हा मी मामांना आठवण करून दिली. ते ट्रे पुसत होते. "मणक्याचा," ते म्हणाले. "थोडाच हलतो. पण ओझं घेतो." माझ्या नोकरीच्या आयुष्यात मला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी आहे.

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात लोखंडी स्टँडला एक सांगाडा टांगलेला असतो. प्लास्टिकचा नव्हे, खऱ्या हाडांचा. कॉलेज सुरू झालं तेव्हाच तो कुठूनतरी आला. कुणाचा, कुठला, ते कुणालाच माहीत नाही. मामा त्याला सांगाडा म्हणत नाहीत. "पाहुणे" म्हणतात. रोज सकाळी मऊ धोतराच्या फडक्यानं त्याला पुसतात. त्याच्या हाताला पर्स अडकवणाऱ्या पोरीला एकदा त्यांनी सगळा तास उभं केलं होतं. "तुझ्या आज्याच्या हाताला अडकवशील?" एवढंच विचारलं होतं.

गेल्या वर्षी तपासणी समिती येणार असं पत्र आलं. प्राचार्याबाईंनी नवा प्लास्टिकचा सांगाडा मागवला, पांढराशुभ्र, मणक्यांना लाल-निळे रंग दिलेला. जुन्या सामानाची यादी झाली. मोडक्या खुर्च्या, गंजलेली स्टरिलायझरची टाकी, फुटके स्टूल आणि शेवटी, "सांगाडा, जुना, एक नग". सगळं भंगारात काढायचं होतं. हेडक्लार्कनी प्रत्येक वस्तूला सुतळीनं चिठ्ठी बांधली. पाहुण्यांच्या बरगडीलाही.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी नव्हती. क्लार्कनी दुसरी बांधली. तीही गेली. तिसऱ्या वेळी मामा स्वतःच चिठ्ठी हातात घेऊन केबिनमध्ये गेले. मी तिथंच बसले होते.

"मॅडम, हा नग नाय. माणूस आहे."

"मामा, नियमाप्रमाणं चाललंय सगळं. नवीन आलाय, जुना जाणार."

"जाव दे. पण भंगारात नाय."

"मग कुठं?"

मामांनी हातातली चिठ्ठी टेबलावर ठेवली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी वरिष्ठांना पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं होतं, आणि तेही अर्धवट राहिलं. बाईंनी सांगितलं, चिठ्ठी पुन्हा काढलीत तर मेमो देईन. मामा बाहेर आले, प्रयोगशाळेत गेले आणि ट्रे लावू लागले. मी काही बोलले नाही याची मला अजून लाज वाटते.

तपासणीला तिघे आले. त्यात एक वयस्कर अस्थिरोगतज्ज्ञ होते, काठी टेकत चालणारे, फार न बोलणारे. प्रयोगशाळेत त्यांनी समोर बसलेल्या सायलीलाच विचारलं, "खांदा सहज निखळतो, खुबा निखळत नाही. का?"

सायली उभी राहिली. "सर, दोन्ही उखळीचेच सांधे. पण खांद्याची उखळी उथळ आहे, बशीसारखी. खुब्याची खोल. खांद्याला जास्त फिरायला मिळतं, त्याची किंमत तो निखळून देतो."

डॉक्टर हसले. "हे कुणी शिकवलं?"

ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं होतं. तिनं दाराकडं बोट दाखवलं. तिथं मामा फडकं घेऊन उभे होते.

डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं. तेवढ्यात त्यांना पाहुण्यांच्या बरगडीवरची चिठ्ठी दिसली. ती त्यांनी वाचली. प्राचार्याबाई घाईनं म्हणाल्या, "सर, जुना आहे. नवीन मागवलाय."

डॉक्टर मामांकडे वळले. "काय हो, या जुन्यात ठेवण्यासारखं काय आहे?"

मामांनी खिशातून पट्टी काढली. आवाज चढवला नाही.

"साहेब, हा उजवा खांदा बघा. कड झिजलीय. डाव्याची नाय. उजव्या हातानं जन्मभर जड काम केलंय. आता घोट्याशी या. नडगीच्या खालच्या टोकाला, पुढच्या अंगाला ही गुळगुळीत खूण आहे ना, ती उकिडवं बसणाऱ्याच्या हाडाला पडते. म्हणजे हा खुर्चीवर बसणारा नव्हता. आणि हा डावा हात, मनगटाच्या वर. दोन्ही हाडं मोडून जुळलीत. सरळ जुळलीत. कुणीतरी नीट बांधली असणार. महिना-दीड महिना त्याला कामाला लावलं नाय, बसवून खायला घातलं." पट्टी खाली आली. "याला घर होतं, साहेब. एक नग कसा लिहू?"

डॉक्टर कष्टानं खाली वाकले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो घोटा बराच वेळ बघितला.

"ही खूण मी विद्यार्थी असताना पुस्तकात वाचली होती," ते उठत म्हणाले. "हातानं दाखवणारा माणूस आज भेटला." आणि त्यांनी स्वतः ती सुतळी सोडली. अहवालात त्यांनी लिहिलं, की हा सांगाडा भंगारात काढू नये, काचेच्या कपाटात सन्मानानं ठेवावा, आणि शिकवण्यासाठी श्री. डोर्लेकर यांची मदत घ्यावी. श्री. डोर्लेकर. प्राचार्याबाईंची मान वरखाली हलली. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मामा मला म्हणाले, "गंज निघाला." त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, आणि माझाही ऊर भरून आला होता, जसं काही ती खूण मीच दाखवली होती.

त्यानंतर महिन्याभरानं त्यांनी मला रविवारी जेवायला पूर्णगडला बोलावलं. मामींनी सुरमईची आमटी केली होती. आम्ही अर्ध्या जेवणात असताना दारात एक मच्छीमार येऊन उभा राहिला. "दत्तूनाना, जाळ्यात हाड आलंय."

मामांनी हात धुतले आणि ताटावरून उठले. मीही मागोमाग गेले. किनाऱ्यावर होडीच्या कडेला चार माणसं उभी होती. मधे वाळूवर काहीतरी काळपट पडलं होतं. मामा गुडघ्यावर बसले, ते हातात घेतलं, धुतलं, फिरवलं.

"माणसाचं नाय. डॉल्फिनचा मणका आहे."

माणसांनी सुस्कारा सोडला आणि जाळं आवरायला घेतलं. मामा मात्र तसेच बसून राहिले.

"तुम्हालाच बोलावतात का नेहमी?" मी विचारलं.

"होय. इथून दाभोळपर्यंत बंदरा-बंदराला माझा नंबर आहे. किनाऱ्याला काय हाड लागलं की फोन करतात."

मग समुद्राकडे बघत त्यांनी सांगितलं. थोरला भाऊ वसंत. मामा एकोणीस वर्षांचे असताना तो होडी घेऊन गेला. होडीच्या फळ्या परत आल्या, तो आला नाही. आई रोज किनाऱ्यावर यायची. काही लागलं असं कळलं की मामा जायचे, पण बघून कळणार काय?

"लहानपणी त्याची उजवी नडगी मोडलेली," ते म्हणाले. "जराशी वाकडी जुळलेली. वाटलं, तेवढं एक हाड ओळखता आलं तरी पुरे. तेव्हा कॉलेजात झाडू मारायला लागलो होतो. एका मॅडमना विचारलं, नडगी कशी ओळखायची. त्या म्हणाल्या, एकटं हाड कसं ओळखशील? ते वर कशाला जोडलंय, खाली कशाला, ते आधी शिक." त्यांनी मणका हातात फिरवला. "एका हाडासाठी गेलो होतो. बाकीची दोनशे पाच शिकावी लागली."

तो मणका त्यांनी माझ्या हातात दिला. उद्या पोरींना दाखवा म्हणाले.

आम्ही परत आलो तेव्हा मामींनी ताटं झाकून ठेवली होती. त्यांनी वर बघितलं.

"आपलं नाय," मामा म्हणाले.

मामी उठल्या आणि त्यांनी भात पुन्हा गरम करायला ठेवला.