निबारणबाबूंच्या पायाची सार्वजनिक देखभाल

जखम होते एकाला. तिची मालकी मात्र सार्वजनिक असते. आमच्या चंदननगरच्या गल्लीने हे तत्त्व फार पूर्वीच मान्य केलेले आहे.

निवृत्त पोस्टमास्तर निबारण सामंत यांच्या घोट्यावर मासे चिरायची विळी पडली. काप खोल होता, त्यात मधुमेह, म्हणून गल्लीने प्रकरण तातडीने हाती घेतले. मेहुणे भोंबलमामांनी झेंडूच्या पाल्याचा रस लावला, घोषालकाकूंनी हळद-चुना, मी टूथपेस्ट (पुदिन्याची, थंड असते). ताकद यावी म्हणून जो तो संदेश मिठाईचा डबा घेऊन येई. पाहुण्याला जखम न दाखवणे शिष्टाचारात बसत नाही, म्हणून पट्टी माणशी एकदा सोडली जाई.

पाय सुजला, काळवंडला. तेव्हा कुठे बोलावलेल्या डॉक्टर इंद्राणी लाहिडींनी विचारले, "पाय ठेवायचाय ना?"

निबारणबाबूंच्या पत्नी शेफालीबौदींनी (बौदी म्हणजे वहिनी) मिठाईचे ताट मागे सारले.

"अहो," डॉक्टर म्हणाल्या, "रक्तातल्या पांढऱ्या पेशी आधी जंतूंशी लढतात. मागून दुसऱ्या येतात, मेलेलं उचलतात आणि नवी कातडी बांधणाऱ्यांना बोलावतात. तुम्ही रोज उकरताय, वर साखर चढवताय! लढाईच संपत नाही, तर बांधकाम सुरू कसं होणार?"

"ते ठीक," भोंबलमामा म्हणाले, "पण लावायचं काय?"

"कुलूप. दाराला."

डॉक्टरांनी सडलेले मांस काढले, पट्टी बांधली, इन्सुलिन लिहून दिले. बौदींनी खरोखरच कुलूप लावले. "कसली डॉक्टरीण ही, काहीच लावत नाही!" म्हणून गल्ली हळहळली.

आत निबारणबाबूंनी हळूच विचारले, "अगं, जाईल का गं पाय?"

"गेला तर पाठुंगळी घेईन. आता गप पडा, त्या पेशींना कामं करू द्या."

पौषात जखम भरली. गल्लीच्या क्लबाने जाहीर सभेत श्रेय वाटले: झेंडू चाळीस टक्के, हळद-चुना पस्तीस, टूथपेस्ट पंचवीस. (पांढऱ्या पेशींतर्फे कोणी हजर नव्हते.) डॉक्टरांना, उशीर केल्याबद्दल, समज देण्यात आली.

वाचकहो, एवढ्यात तुमच्याही मनात येऊन गेले असेल, की त्यांनी सरळ अमुक लावून पाहायला हवे होते. निबारणबाबूंचे नशीब, तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही.