वेताच्या खुर्चीखालचा वास

शहाण्णव सालच्या श्रावणात, एका मंगळवारी सकाळी, भीमराज सरांनी एक छोटासा निर्णय घेतला. कुणाला काही विचारायचं नाही.

विचारायचं होतं ते एवढंच, की हॉलमध्ये आपल्या वेताच्या खुर्चीपाशी जो उग्र वास येतोय, तो घरच्या बोक्याचाच आहे ना? प्रश्न साधा होता. पण उत्तर ‘नाही’ असं आलं तर? सर एकाहत्तर वर्षांचे. चौतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेले, पीएच.डी. झालेले. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांची प्रोस्टेट तपासून म्हटलं होतं, “सर, या वयात थोडंफार नकळत होतं. मनाला लावून घेऊ नका.” त्या दिवसापासून सरांनी दुसरं काहीच मनाला लावून घेतलं नव्हतं. (‘थोडंफार’ एक वेळ चालून गेलं असतं. घात केला तो ‘नकळत’नं. नकळत होणारी गोष्ट झाली की नाही, हे माणसाला कळावं कसं?)

त्यात येत्या रविवारी वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातलं धम्मग्रंथाचं वाचन त्यांच्या घरी होतं. केडगावातल्या त्यांच्या कॉलनीत आषाढी पौर्णिमेपासून दर रविवारी एकेका घरी वाचन व्हायचं. पंचवीस-तीस माणसं सतरंजीवर मांडी घालून बसणार, म्हणजे तेवढीच नाकं फरशीच्या अगदी जवळ येणार. आणि समोर बसून वाचणार कोण, तर सर.

तेव्हा गुपचूप वास घालवायचा. बोक्याचा असेल तर बोक्याचा जाईल, आपला असेल तर आपला जाईल. विज्ञान भेदभाव करत नाही.

मंगळवारी दुपारी घरातली मंडळी आडवी झाल्यावर सरांनी खुर्चीखाली फिनेल ओतलं. हॉलला दवाखान्याचा वास येऊ लागला. अशा दवाखान्याचा, जिथं पेशंटला कुणी वेळेवर भांडं दिलेलं नाही. बुधवारी त्यांनी अमोनियाचा विचार करून व्हिनेगर ओतलं. आता हॉल चायनीजच्या गाडीसारखा घमघमू लागला, पण गाडीच्या मागच्या भिंतीचा वास काही हटेना. गुरुवारी धुण्याचा सोडा टाकला, फक्त आधीचं व्हिनेगर फरशीच्या सांध्यांत अजून होतं हे ते विसरले. फरशी फसफसली. फेस सरांच्या चपलेपर्यंत आला आणि नेमकी सून शुभांगी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिली.

“मामा, काय सांडलं?”

“काही नाही. कार्बन डायऑक्साइड आहे.”

शुभांगीनं फेसाकडं पाहिलं, खुर्चीकडं पाहिलं, मग सरांच्या पायजम्याकडं पाहून पटकन नजर वळवली. “असू द्या मामा,” ती फार मायेनं म्हणाली. “मी पुसते. तुम्ही काही वाटून घेऊ नका.”

एरवी चहाचा डाग पडला तरी ही मुलगी दहा मिनिटं बोलते.

आता शास्त्रोक्त पुरावाच हवा. सरांनी जुन्या डायरीत ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ असे दोन रकाने आखले. प्रयोग सोपा होता. शुक्रवारी दिवसभर खुर्चीत बसायचंच नाही, समोरच्या दिवाणावर बसायचं. वास खुर्चीपाशीच राहिला, तर दोषी बोका. वास दिवाणापाशी आला, तर... पुढं त्यांनी तीन टिंबं दिली. बोका, म्हणजे कलेक्टर, शेजारी येऊन बसला. (घरात शिरला की आधी सगळ्या खोल्यांची पाहणी करतो, म्हणून नातवानं त्याचं नाव कलेक्टर ठेवलं होतं.) सरांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. कलेक्टरनं डोळे मिटून घुरघुर केली.

संध्याकाळी दिवाणाला वास येऊ लागला.

सरांनी डायरी मिटली. चौतीस वर्षं मुलांना सांगितलं होतं, की निष्कर्ष आवडो न आवडो, स्वीकारायचा असतो.

शनिवारी कामाला आलेल्या कडूबाईनं दिवाणाजवळ नाक मुरडलं. “सर, सोडा टाका. धुन्याचा न्हाई, खायचा. चांगला जाड थर द्यायचा, दुपारभर ठिवायचा, मंग झाडून घ्यायचं आन् गाद्या उन्हात टाकायच्या. लई भारी काम करतो.”

“तुम्हाला कसं माहीत?” सरांच्या आवाजात थोडी आशा होती.

“आमचा म्हातारा सासरा हुता न्हवं? दोन वर्सं खाटंवर हुता. आमी पोतंभर सोडा आनून ठिवला हुता.” मग तिला काहीतरी सुचलं आणि ती घाईघाईनं म्हणाली, “तसं तुमचं काई न्हाई म्हना सर.”

सरांनी सोडा टाकला. ऊनही पडलं. आणि खरोखर, रविवारी सकाळी हॉलला कसलाच वास नव्हता. सरांनी दुपारपासून पाणी पिणं बंद केलं, चार वेळा बाथरूमला जाऊन आले आणि पाच वाजता पांढरा झब्बा घालून लोडाला टेकून बसले.

वंदना झाली. वाचन सुरू झालं. सर उत्तम वाचायचे. माणसं मन लावून ऐकत होती, कुणी नाकाला रुमाल लावलेला नव्हता. तासाभरानं त्यांनी ग्रंथ आदरानं मिटून पाटावर ठेवला. सरांच्या पत्नी भागिरथीबाईंनी खिरीच्या वाट्या आणल्या. सर लोडाला रेलले. संकट टळलं होतं.

आणि कमरेपाशी, मागच्या बाजूला, त्यांना काहीतरी कोमट जाणवलं.

कोमट ते ओलं झालं. सर हलले नाहीत. वाटी हातात, चमचा तोंडाशी, समोर तीस माणसं. तर हे असं असतं, त्यांच्या मनात आलं. खरंच कळत नाही. त्यांना डॉक्टरांच्या अचूकपणाचं कौतुकही वाटलं. उद्यापासून आपण मागच्या खोलीत राहायचं, वाचन मुलानं, महेंद्रनं करायचं, असं सगळं त्यांनी दोन सेकंदांत ठरवून टाकलं.

“सर,” समोर बसलेले निवृत्त पोस्टमन रंभाजी शांतपणे म्हणाले, “मागं बोका बघा.”

सरांनी वळून पाहिलं. कलेक्टर त्यांच्याकडं पाठ करून, शेपटी झेंड्यासारखी ताठ उभी धरून, लोडावर आणि झब्ब्यावर सारखीच कृपा करत होता. शेपटीचं टोक थरथरत होतं.

“कॉलनीत नवा बोका आलाय ना,” रंभाजी म्हणाले. “आमच्या बोक्याचं बी असंच हुतं. जी वस्तू आपली वाटंल, तिच्यावर सही करतात. तुम्ही जिथं बसाल, तिथं करीत असंल.”

सरांनी कलेक्टरला उचललं आणि छातीशी धरलं. “सगळ्यांनी पाहिलंत ना?” ते म्हणाले. “नीट पाहिलंत?” झब्बा गळत होता, आणि उभ्या केडगावात त्या क्षणी त्यांच्याइतका सुखी माणूस नव्हता.

“म्हणजे तुम्ही नव्हता?” भागिरथीबाईंच्या तोंडून निघून गेलं.

सरांनी एकेकाकडं पाहिलं. शुभांगी वाट्या गोळा करू लागली. महेंद्र पंख्याकडं बघत होता.

“तुम्हाला सगळ्यांना वाटत होतं?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही, अहो.”

“कॉलनीलाही?”

“मला वैनींनी फक्त विश्वासात घेऊन सांगितलं हुतं,” रंभाजी म्हणाले. मग उसासा टाकून ते हळूच पुढं झुकले. “खरं सांगू का सर, मला लई धीर आला हुता. एवढा शिकलेला माणूस आपल्या जोडीला हाय म्हटल्यावर. आता मी एकटाच पडलो की.”

मंडळी गेली. सरांनी आंघोळ केली, पोटभर पाणी प्यायले आणि दिवसभरात पहिल्यांदाच मोकळेपणानं हसले. भागिरथीबाईही हसल्या.

“मग तुमच्या गादीखालचं प्लास्टिक काढून टाकू ना?” त्यांनी विचारलं. “महिनाभर झालं घालून.”

सर हसायचे थांबले. त्यांनी पुरावा पुन्हा एकदा तपासला. बोका हॉलमध्ये दोषी ठरला होता, यात शंका नव्हती.

“काढू नको,” ते म्हणाले. “प्रयोग फक्त हॉलपुरता झालाय.”