दवाखाना हलवल्याची रिक्षा

लीलाधर शिंपी होता कंपाउंडर, पण शिरपुरात त्याच्याशी दोन मिनिटं बोललेल्या माणसाला वाटायचं, दवाखाना याचाच आहे आणि डॉक्टर याच्या हाताखाली कामाला आहेत. "आज आमच्याकडे तुफान गर्दी!" "त्या केळीवाल्याला आम्ही एक सुई दिली, उठून चालायलाच लागला!" असं तो चहाच्या टपरीवर रोज ऐकवायचा. त्यामुळे डॉक्टर यादव बागुलांना जुन्या पेठेतली जागा सोडायची वेळ आली, तेव्हा लीलाधरने छातीवर हात मारून सांगितलं, "साहेब, तुम्ही फक्त बाटल्या हलवा. पेशंटला कळवायचं माझ्याकडे लागलं. एक जरी पेशंट चुकला ना, तर नावाचा लीलाधर नाही!"

असं कोणी छातीवर हात मारला की देव बहुतेक कान टवकारून ऐकत असावा.

झालं होतं असं. जागामालकाच्या मुलाला तिथे कापडाचं दुकान टाकायचं होतं. डॉक्टरांनी बसस्टँडच्या मागे दोन खोल्या घेतल्या. आता जुनी पेठ कुठे, बसस्टँड कुठे! त्यातच जुन्या दवाखान्याच्या बरोब्बर समोर एक तरुण डॉक्टर नुकताच येऊन बसला होता. गरगर फिरणारी खुर्ची, माशांची काचेची पेटी, सगळा थाट. पेशंट येणार, आपलं दार बंद बघणार, आणि मागे वळला की समोर मासे! तेवीस वर्षं जोडलेली माणसं महिन्याभरात पांगली असती. लीलाधर रोज दारात उभा राहून समोर जाणारी माणसं मोजायचा.

डॉक्टरांना मात्र घाई नव्हती. त्यांची एक रीत होती. पेशंटला काही सांगायचं तर त्याला समोर बसवून, त्याच्याच बोलीत सांगायचं आणि त्याच्याच तोंडून परत वदवून घ्यायचं. सातपुड्याकडच्या एका पाड्यावरून द्रौपदाबाई यायची, तिला ते दर खेपेला विचारायचे, "अक्का, पांढरी गोळी कव्हय?"

"सकायले."

"नि लाल?"

"रातले. कितला डाव इचारशात? मी काय शाळाम्हा शे का?"

तरीही ते विचारायचेच. म्हणाले, "लीलाधर, जागेचंही तसंच सांगू. येईल त्याला समोर बसवून."

"साहेब!" लीलाधरने कपाळाला हात लावला. "असं एकेकाला वदवून घेत बसलात तर दोन दिवाळ्या जातील! ते माझ्यावर सोडा म्हटलं ना."

आणि तो थेट रुपचंदकडे गेला.

रुपचंद म्हणजे गावातली भोंग्याची रिक्षा. गावात काही कळवायचं असेल तर दुसरा माणूस नाही. त्याचे दोन प्रकार होते. संध्याकाळी फिरायचा तेव्हा टॉकीजला लागलेला सिनेमा नाहीतर साड्यांचा सेल. मग गाणी, ठणाणा, एका दमात पंचवीस शब्द. सकाळी फिरायचा तेव्हा गाणं नाही, काही नाही. अगदी सावकाश, खर्जात आधी माणसाचं नाव, मग तेच नाव पुन्हा, मग किती वाजता निघणार ते. सकाळची रिक्षा म्हणजे मयत. शेंबड्या पोरालाही हे माहीत. नाव कानावर पडलं की बाया नळ बंद करायच्या, माणसं खांद्यावर टॉवेल टाकायची. पुढचं ऐकायला कोणी थांबत नसे. पुढचं वेगळं काय असणार!

रुपचंद म्हणाला, "संध्याकाळी फिरवतो भाऊ. मस्त गाणं लावू."

"गाणं?" लीलाधर तापला. "आमचा डॉक्टर म्हणजे काय सर्कस आहे? इज्जतदार माणूस आहे तो! सकाळी फिरव, लोक घरी असतात. गाणं नको. सावकाश सांग. आणि साहेबांचं नाव दोनदा घे, नीट कळलं पाहिजे."

रुपचंदने डोकं खाजवलं. "सकाळी? भाऊ, सकाळी मी…"

"पैसे मी देतो का तू?"

रुपचंदने पैसे मोजून खिशात टाकले. मजकूर लीलाधरने स्वतः सांगितला आणि त्यात एका शब्दाची चूक नव्हती, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. दवाखाना हलला, नवी जागा अमुक, वेळ तमुक. स्वच्छ! तो शेवटपर्यंत ऐकणारा एक माईचा लाल फक्त गावात हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर लवकर उठून लूनावर बसले आणि नव्या जागी बाटल्या लावायला गेले. लीलाधर आंघोळ करून, परीटघडीचा शर्ट घालून डॉक्टरांच्या घराकडे निघाला. म्हटलं डॉक्टरीणबाईंकडून शाबासकी घ्यावी, चहा घ्यावा. वाटेत किराणा दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं दिसलं. याला वाटलं, दुकानदाराला बरं नसेल. म्हणजे येईलच नव्या जागी!

गल्लीच्या तोंडाशी आला आणि बघतच राहिला. डॉक्टरांच्या दारात ही गर्दी! टोप्या, टॉवेल, पांढरी लुगडी. काय प्रतिसाद! लीलाधरचा ऊर भरून आला. त्याने दोन्ही हात जोडले आणि दात काढत गर्दीत शिरला. "या, या! सगळे आलात, फार बरं वाटलं! आता सगळे मिळून तिकडेच जाऊ!"

द्रौपदाबाई पहाटेच्या एस.टी.ने औषधाला आली होती, तिला ही रिक्षा स्टँडवरच भेटली होती. ती कडाडली, "मेल्या, मालक गया नि तू दात काढी राहिना!"

"कुठे गेला?"

"कथा जातस लोके? वर!"

एक माणूस बांबू आणि सुतळी घेऊन आला होता, दुसऱ्याच्या हातात मडकं होतं. आतून बायांचा आवाज येत होता. काल संध्याकाळी तर साहेब धडधाकट होते! त्याने एक हंबरडा फोडला आणि तिथेच फतकल मारली. काय रडला, काय रडला! "साहेब, मला टाकून कसे गेलात हो! आता मी कोणाची सुई उकळू!" त्याला बघून ज्यांना रडू येत नव्हतं तेही रडायला लागले. द्रौपदाबाईने पदराने त्याचे डोळे पुसले.

जरा हुंदका ओसरल्यावर त्याने विचारलं, "पण झालं कधी? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"आमले काय माहीत? ती रिक्षा सांगी गयी."

"कोणती रिक्षा?"

आणि नेमकी तेव्हाच गल्लीच्या दुसऱ्या टोकाने रुपचंदची रिक्षा वळली. "डॉक्टर… यादव… बागुल…" खर्जातला तो आवाज लीलाधरने पहिल्यांदा नीट ऐकला. साहेबांचं नाव पुन्हा आलं. तेवढ्यात रिक्षा पुढच्या गल्लीत शिरली, आणि दवाखाना हलल्याचं वर्तमान त्या गल्लीला मिळालं.

लीलाधरचं रडू जागच्या जागी थिजलं. उठून सांगावं तर एवढे लोक, एवढे बांबू! आणि तो तसाच बसून राहिला, हीच त्याची खरी चूक. त्या दोन मिनिटांत बोलला असता तर पुढचं टळलं असतं.

कारण तेवढ्यात डॉक्टर लूनावरून आले. त्यांनी दारातली गर्दी पाहिली, बांबू पाहिला, मडकं पाहिलं, आणि रडून डोळे सुजलेला आपला कंपाउंडर पाहिला. आता घरात माणसं दोनच. एक ते स्वतः. त्यांच्या हातून लूना सुटली. "सुगंधा!" असं ओरडत ते गर्दी फोडून आत धावले. एवढा शांत माणूस, पण तो आवाज ऐकून बाहेर कोणाला हसू आलं नाही.

आत सुगंधाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, चार बायांनी धरलेल्या. त्यांनी मान वर केली. डॉक्टरांकडे बघत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "तुम्ही आहात?" आणि डॉक्टर म्हणाले, "तू आहेस?" डॉक्टरांनी सवयीने त्यांची नाडी धरली, पण मोजायचं विसरून नुसता हात धरून बसले!

बाहेर कळलं तेव्हा एकच गलका झाला. मडकंवाला मडकं पाठीमागे लपवू लागला. द्रौपदाबाई दारात जाऊन डॉक्टरांना आपादमस्तक न्याहाळून आली आणि म्हणाली, "जित्ता शेतस ना साहेब? मंग माले गोया दी द्या. इतला दूरथाईन उनू."

लीलाधर कोपऱ्यात उभा होता. डॉक्टरांनी त्याला एक शब्द वाकडा ऐकवला नाही. संध्याकाळी नव्या जागेत बाटल्या पुसताना फक्त म्हणाले, "लीलाधर, हिच्या छातीत अजून धडधडतंय. इथून पुढे पेशंटला मीच सांगत जाईन." त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

पण कबूल करायला हवं, पेशंट एकही चुकला नाही! त्या दिवशी सगळ्या शिरपूरला नवी जागा कळली. समोरचे मासे पोहतच राहिले. आणि गावाला एक गंमत मिळाली ती कायमची. सकाळची रिक्षा आली की टपरीवर कोणीतरी म्हणायचंच, "आज कोणाचा दवाखाना हलला रे?" लोक खो खो हसायचे. लीलाधरही हसायचा. न हसून सांगतो कोणाला?

वर्षं गेली. डॉक्टर तसेच, समोर बसवून, वदवून घेऊन सांगत राहिले. आणि एका पहाटे, झोपेतच, कोणाला काहीही न सांगता गेले.

सुगंधाबाईंनी लीलाधरला बोलावून घेतलं. डोळे कोरडे होते त्यांचे. "सगळ्यांना कळव," म्हणाल्या.

लीलाधर रुपचंदकडे धावला. "या वेळी नीट सांग रे!"

"मागच्या वेळीही नीटच सांगितलं होतं," रुपचंद हळूच म्हणाला.

"तसं नाही. 'खरोखर' म्हण. खरोखर दुःखद निधन. लोकांना पटलं पाहिजे."

झालं! रिक्षा निघाली. "डॉक्टर… यादव… बागुल… यांचे… खरोखर…" आणि जुनी पेठ हसायला लागली. "घ्या! पुन्हा हलवला! या वेळी 'खरोखर' म्हणतोय!" कोणाचा नळ बंद झाला नाही. कोणी टॉवेल घेतला नाही. दुकानांची शटरं सताड उघडी होती.

दारात शेजारी होते, जळगावहून आलेले दोन भाऊबंद होते, बस. भंतेजींनी त्रिसरण म्हटलं तेव्हा मागून साथ द्यायला पुरेसे आवाज नव्हते. सुगंधाबाईंनी दोनदा गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. मग विचारलं, "लीलाधर, सगळ्यांना कळवलं होतंस ना?"

"हो, बाई," लीलाधर म्हणाला. दुसरं काय सांगणार होता तो?

संध्याकाळी त्याला घरी बसवेना. पायांनी आपोआप दवाखाना गाठला. बघतो तर बाहेर ही रांग! खोकला, ताप, गुडघे. एक जण डोळा मारून म्हणाला, "काय लीलाधरभाऊ, आता कुठे हलवताय?"

लीलाधरने दार उघडलं. एकेकाला आत घेतलं, समोर बसवलं आणि सांगितलं. प्रत्येकाला, पहिल्यापासून. कोणी मटकन बसलं, कोणी तोंडात बोट घातलं, कोणी डॉक्टरांच्या घराकडे धावलं. रांग संपत आली. शेवटी द्रौपदाबाई होती, आता पार वाकलेली. तिला सांगताना मात्र त्याचा बांध फुटला. टेबलावर डोकं ठेवून तो लहान मुलासारखा रडला.

द्रौपदाबाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"उगा राह्य रे भाऊ," ती म्हणाली. "मागला खेपले बी तू असाच रडना व्हता." आणि तिने गोळ्यांची रिकामी डबी टेबलावर ठेवली, बाकावर नीट मांडी घातली. "मी आठेच बठस. साहेबले येऊ दे."