तुआमोराचा मोकळा रकाना

"एकशे सतरा पॉइंट तीन!"

दत्तोपंतांनी आतल्या खोलीतून आरोळी ठोकली आणि गौरीने फ्रिजमधून कुनाफ्याचा, त्या पाकात भिजवलेल्या अरबी मिठाईचा, डबा बाहेर काढला. दोह्यातल्या अबू हमूर भागातल्या त्या फ्लॅटमधला हा रोजचा कार्यक्रम होता. सासऱ्यांनी सकाळी मशीनवर साखर तपासायची, आकडा ओरडून सांगायचा आणि तो एकशेवीसच्या आत असला तर त्यांना कुनाफ्याचा एक तुकडा मिळायचा. पाटणहून ते लेकाकडे आले तेव्हापासून आकडा एकदाही वर गेला नव्हता.

"इथली हवा मानवली हो बाबांना," गौरी फोनवर आईला सांगायची. बाहेर तेव्हा उन्हाने गाडीचं स्टिअरिंग धरवत नसायचं. पण हवा मानवली.

त्या गुरुवारी गौरीचा नवरा यशोधन घरूनच काम करत होता. तो एका सल्लागार कंपनीत होता. सल्लागार कंपनी म्हणजे काय ते सांगून टाकतो. ज्यांनी बेट फक्त स्क्रीनसेव्हरवर पाहिलं आहे अशी माणसं वातानुकूलित मजल्यावर बसून बेटांवरच्या लोकांना कसं जगावं ते सांगतात, त्याला सल्ला म्हणतात. सध्या कंपनीकडे एका कतारी मदतनिधीसाठी छोट्या द्वीपराष्ट्रांचा तक्ता करायचं काम होतं. कुठल्या देशाने विकासाचं कुठलं ध्येय किती गाठलं ते त्यात भरायचं. शुद्ध पाणी, लसीकरण, शाळेतल्या मुली. ध्येय गाठलं तर नकाशावर हिरवा रंग, अर्धवट असेल तर पिवळा, नसेल तर लाल. आणि माहितीच नसेल तर राखाडी.

नकाशा जवळजवळ सगळा राखाडी होता.

साहेबांचा व्हॉइस मेसेज आला. रहमानसाहेब मूळचे हैदराबादचे. वीस वर्षं कतारमध्ये काढूनही त्यांची जीभ चारमिनारच्या पुढे आली नव्हती. "यशोधन मियाँ, ये कायका नक्शा है? ऐसा दिखरा जैसे किसी ने राख डाल दी. ग्रे नक्को मेरे कू! मंगल की कॉन्फरन्स में फंडवाली सुमैया मॅडम के सामने रखना है. यल्ला, कुछ करो!"

"काय झालं रे?" शेजारी बसलेल्या दत्तोपंतांनी विचारलं.

"माहिती नाही बाबा. हा तुआमोरा देश बघा. पंचवीस रकाने, त्यातले बावीस मोकळे. ईमेल केला तर आपोआप उत्तर येतं की अधिकारी लांबच्या बेटांवर गणनेला जाणार आहेत, बोटीची वाट बघताहेत. गेल्या वर्षीही हेच उत्तर होतं."

दत्तोपंत चष्मा पुसून पुढे झुकले. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं मास्तर होते. त्यातली शिकवण्यात किती गेली ते त्यांनाच ठाऊक. बाकीची जनगणना, पशुगणना, मतदारयाद्या आणि शौचालयं मोजण्यात गेली. सरकारला आपल्या देशात काहीही मोजायचं असलं की आधी मास्तर सापडतो.

"अरे, पण रकाना मोकळा सोडायचा नसतो," ते कळवळून म्हणाले.

"बाबा, माहितीच नाही तर काय भरणार?"

"माहिती नसते तेव्हाच तर भरायचा असतो! माहिती असली तर कोणीही भरेल."

यशोधन हसला. इथेच तो चुकला. वडील विनोद करताहेत असं त्याला वाटलं.

तेवढ्यात गौरीचा फोन आला. मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीची बॅटरी बसली होती, लेक ईश्वरी मागच्या सीटवर भोकाड पसरून होती. यशोधन लॅपटॉप तसाच उघडा टाकून धावला. परत यायला संध्याकाळ झाली. घाईघाईत त्याने उरलेली दोन पानं संपवली, साहेबांना "झालं" म्हणून कळवलं आणि शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीत कामाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तुआमोराचं पान त्याने पुन्हा उघडलंच नाही. मोकळ्या पानावर काय बघायचं असतं?

रविवारी तो ऑफिसात शिरला तर रहमानसाहेब दारात हात पसरून उभे.

"माशाल्ला! क्या हरा किया मियाँ! तुआमोरा पूरा का पूरा ग्रीन! इतना डेटा लाए कहाँ से?"

यशोधनच्या पायाखालची फरशी हलली. त्याने जागेवर जाऊन पान उघडलं. बावीसच्या बावीस रकाने भरले होते. लसीकरण सत्त्याण्णव पॉइंट तीन टक्के. शुद्ध पाणी चौऱ्याण्णव पॉइंट सात. दर वर्षी थोडी थोडी वाढ, कुठे घट नाही, कुठे पूर्ण आकडा नाही. मोत्याच्या दाण्यांसारखं काम. जिन्यात जाऊन त्याने घरी फोन लावला.

"बाबा, तुम्ही माझ्या लॅपटॉपला हात लावला होता?"

"मग! तू अडचणीत होतास ना? शेवटची दोन वर्षं शाळेचं सगळं ऑनलाइनच भरत होतो मी. तुमचं सोपं आहे रे, आमच्या वेबसाइटसारखं मध्येच बंद पडत नाही."

"बाबा! खोटे आकडे आहेत ते!"

"खोटे काय? अंदाज आहे. शेजारच्या बेटांचे बघितले, त्याच्यात थोडी भर घातली. घट कधी दाखवायची नाही, खुलासा मागतात. आणि शंभर टक्के कधी लिहायचं नाही. शंभर लिहिलं की साहेब बघायला येतो."

यशोधन खाली मान घालून रहमानसाहेबांच्या केबिनमध्ये गेला. सगळं सांगून टाकायचं असं ठरवूनच गेला.

"सर, तुआमोराबद्दल थोडं बोलायचं होतं."

"बोलना क्या है! मैं तो नक्शा सुमैया मॅडम कू भेज भी दिया. वो इत्ती खुश हुईं की मंगल कू तुआमोरा कू आदर्श देश बोलके स्टेजपे बुलारे. वहाँ से अफसर आरी ना, मिसेस लुसिया. और बाकी आयलंड के लोगां कू तुआमोरा दिखाने ले जारे, सीखने कू!" साहेबांनी टेबलावरचा एक कागद टिचकीने उडवला. "और ये देखो. तुम्हारा नया कॉन्ट्रॅक्ट. मंगल का काम होने दो, खलास, साइन करतूँ."

यशोधनने तो कागद उचलून टेबलावर सरळ ठेवला आणि तुआमोराचा विषय गुंडाळला. कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर, गाडी, ईश्वरीची शाळा, सगळं आवरून पुण्याचं विमान. ज्यांच्यावर ही वेळ कधी आलेली नाही त्यांनी यशोधनला भित्रा म्हणावं.

"और एक अच्छी खबर," साहेब म्हणाले. "पीने के पानी की टाकियां मिलनेवाली थीं ना तुआमोरा कू? वो अब दूसरे देश कू जारीं. इनके पास तो चौरानवे पॉइंट सात है!"

संध्याकाळी घरात रणधुमाळी झाली. यशोधन ओरडला, दत्तोपंत ओरडले. "छत्तीस वर्षांत माझा एक रकाना परत आला नाही! तपासणीवाले माझ्या वह्या दुसऱ्या शाळांना दाखवायचे!" गौरीने दोघांच्या मध्ये चहा ठेवला, तो तसाच गार झाला.

"बाबा, तुमच्या आकड्यामुळे त्या लोकांच्या पाण्याच्या टाक्या गेल्या," यशोधन शेवटी हळूच म्हणाला. "कागदावर त्यांच्याकडे पाणी आहे. आता कोण देईल त्यांना?"

दत्तोपंतांनी गार चहाचे कप उचलून बेसिनमध्ये ठेवले आणि ते न जेवता झोपायला गेले. सोमवारी सकाळी आतल्या खोलीतून आकडा आला नाही. गौरीने विचारलं तेव्हा म्हणाले, "कुनाफा नको आज. घशाखाली उतरणार नाही."

मंगळवारी यशोधन बाहेर पडताना ते दारात उभे होते. अंगात लेकाच्या लग्नातला कोट. "मीपण येतो. मागे बसेन. बोलणार नाही."

हॉटेलचा हॉल भरला होता. सुमैया मॅडम निधीच्या मुख्य अधिकारी, कतारी, काळ्या पायघोळ अबायात, बोलणं मोजकं. त्यांनी पडद्यावर तुआमोराचा हिरवागार नकाशा दाखवला आणि टाळ्यांमध्ये मिसेस लुसियांना बोलावलं. केसात फूल खोवलेली, धिप्पाड, साठीची बाई डुलत डुलत स्टेजवर चढली. पडद्याकडे तिने बराच वेळ पाहिलं. मग माइक धरला आणि इंग्रजीत म्हणाली,

"आमच्या देशाचं सांख्यिकी खातं म्हणजे मीच. शिपाई पण मीच. आमच्या सत्त्याण्णव टक्के मुलांना लस मिळाली हे वाचून मला फार आनंद झाला. ही मुलं राहतात कुठे तेवढं सांगाल का? तीन वर्षं मला त्यांच्यापर्यंत जायला बोट मिळत नाहीये."

हॉल खदखदून हसला. रहमानसाहेब हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावरचे सगळे रंग उडून राखाडी तेवढा उरला.

यशोधन उठला. "मॅडम, फाइल माझी आहे. आकडे खरे नाहीत. चूक माझी."

"नहीं, नहीं! इसका नहीं!" मागच्या रांगेतून आवाज आला. कोटाची बटणं लावत दत्तोपंत खुर्च्यांमधून पुढे येत होते. "मॅडम, ये गलती हमारा है! हम इसका बाप है. हम मास्टर है. रकाना मोकळा दिखा, हमको रहवा नहीं! टाकी इन लोगों का वापस दे दो. लडके को कुछ मत बोलो."

कोणीतरी भराभर इंग्रजी करून सांगितलं. मिसेस लुसिया स्टेजच्या कडेला आल्या.

"तुम्ही शिक्षक?"

"हाँ. प्राइमरी."

"मीही होते. मला एक सांगा. सत्त्याण्णव पॉइंट तीनच का?"

दत्तोपंतांनी हॉलभर पाहिलं. लेकाकडे पाहिलं. मग धंद्याची गोष्ट सांगावी तशा हलक्या आवाजात म्हणाले, "पूरा आकडा पे डाउट आता है, मॅडम. पॉइंट लगाया तो लगता है, किसी ने गिना."

भाषांतर पोहोचलं आणि मिसेस लुसिया हसायला लागल्या. हसता हसता केसातलं फूल खाली पडलं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "शाळेत असताना आम्ही शहाण्णव पॉइंट आठ लिहायचो!"

हे ऐकून आणखी दोन द्वीपराष्ट्रांचे प्रतिनिधी फार बारकाईने छताकडे बघू लागले.

सुमैया मॅडम मात्र हसल्या नाहीत. "म्हणजे जे हिरवं आहे तेही..." एवढंच त्या म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडलं. मग वळून रहमानसाहेबांकडे बघत राहिल्या.

इथे रहमानसाहेबांचं मोठेपण मान्य केलं पाहिजे. बुडणारा माणूस काडी धरतो. सल्लागार काडीचंही प्रेझेंटेशन करतो. ते ताडकन उभे राहून इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, हेच तर आम्हाला दाखवायचं होतं! मोकळ्या जागा घाईने भरल्या तर काय होतं त्याचं हे प्रात्यक्षिक! आमच्या यशोधनने फार मेहनतीने रचलंय. वडीलसुद्धा आणले!"

सुमैया मॅडमना यातलं किती पटलं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पण त्यांनी नकाशा परत राखाडी करायला लावला आणि तुआमोराच्या टाक्या तुआमोराला परत दिल्या. "आणि त्याच्याआधी बोट," त्या म्हणाल्या. "आकडे नंतर. यल्ला, पुढचा देश." कॉन्ट्रॅक्टवर त्याच दुपारी सही झाली. रहमानसाहेब जाता जाता यशोधनच्या कानात म्हणाले, "मियाँ, अगली बार अब्बा कू लाए तो पहले बताना. हार्ट का बीमार हूँ मैं."

मिसेस लुसियांना दत्तोपंतांनी तिथल्या तिथेच जेवायचं आमंत्रण दिलं. घरी कोणाला न विचारता; तो रकाना त्यांनी मोकळा ठेवला. गौरीने गडबडीत अळूच्या वड्या तळल्या, मसालेभात केला. पाहुणीने वड्यांवर असा हात मारला की ईश्वरी बघतच राहिली. एकमेकांची भाषा धड न येणारी ती दोन माणसं तासभर बोलत होती. डोंगरावरची वस्ती, पावसात भिजलेले फॉर्म, दार न उघडणारी घरं. बेट समुद्रातलं असो की कोयनेच्या पाण्याने तोडलेलं, मोजायला जाणाऱ्याचे पाय सारखेच दुखतात असं दिसत होतं.

शेवटी गौरीने कुनाफा आणला. आज तिचा ऊर भरून आला होता. "बाबा, तुम्ही अख्खा तुकडा घ्या आज. सकाळी किती होती साखर?"

"एकशे सोळा पॉइंट चार!" दत्तोपंतांनी ताटली पुढे केली.

मिसेस लुसियांचा चमचा हवेत थांबला. त्यांना यशोधनने अर्थ सांगितला होता. "एकशे सोळा पॉइंट चार? मलाही साखर आहे. इतकी वर्षं तपासते. असल्या मशीनवर पॉइंट येत नाही हो, मास्तर."

गौरीने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे अळूवडीकडे बघत होते. ती उठून आतल्या खोलीत गेली आणि मशीनची डबी घेऊन आली. डबीवरचं प्लास्टिक साताऱ्याच्या औषधाच्या दुकानात होतं तसंच होतं.

"बाबा!"

"सुई टोचते गं," दत्तोपंत पुटपुटले. "आणि मी काही वाटेल ते सांगत नव्हतो. आदल्या दिवसापेक्षा थोडं कमी, थोडं जास्त..."

मिसेस लुसियांनी डबी हातात घेतली, टरकन प्लास्टिक फाडलं आणि आपला भलामोठा पंजा टेबलावर पसरला. मास्तरांनी मुकाट्याने बोट दिलं. मशीनने टुक केलं. चौघंही पुढे झुकले, पण दत्तोपंतांनी आकडा आधी वाचला आणि मशीनवर चटकन तळहात ठेवला.

"यशोधन," ते फार गंभीरपणे म्हणाले, "तुझं बरोबर होतं बाळा. हा रकाना आपण मोकळाच ठेवू."