भोंग्याची काठी

आयुष्यात मी चोरी एकदाच केली, आणि तीही एका अधू माणसाच्या काठीतून चार पेन्सिल सेल काढण्याची. गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा बेचाळिशीची होते, म्हणजे आपल्याला अक्कल येऊन बरीच वर्षं झाली असा माझा समज होता. आता माझ्याच हातात काठी आली आहे, म्हणून कबुली देते.

त्या काठीचे मालक अण्णा. राजारामपुरीत आमच्या शेजारी एकटेच राहायचे. मूळचे नेसरीकडचे, जन्म गेला मोटारींचं वायरिंग करण्यात. बायको वारलेली, लेक बेळगावला दिलेली. खुब्याचं हाड मोडलं तेव्हा सकाळपासून दुपारपर्यंत मोरीत पडून होते. हाका कुणाला ऐकूच गेल्या नाहीत. दवाखान्यातून आले ते काठी घेऊन, आणि महिन्याभरात त्या काठीचं त्यांनी यंत्र केलं.

"काठी न्हवं वैनी, शेन्सर हाय," ते सांगायचे. मुठीखाली काचेची बोटभर नळी, तिच्यात पाऱ्याचा थेंब. काठी उभी तोवर पारा गप्प. आडवी झाली, म्हणजे अण्णा पडले, की पारा घरंगळायचा आणि भोंगा सुरू. भोंगा कुठला, तर मोटार मागे घेताना वाजतो तो. घरात तेवढाच शिल्लक होता.

त्यामुळे काठी वाजली की गल्लीतले लोक आपापल्या स्कूटरी बाजूला घ्यायचे. समोरचा इस्त्रीवाला मान वर न करता ओरडायचा, "येऊ द्या, येऊ द्या... बास." पहिले चार दिवस आम्ही सगळे धावत गेलो. पुढे नुसतं "येऊ द्या" उरलं.

कारण काठी पडायला अण्णांनी पडायची गरज नव्हती. ते चपलेचा अंगठा सारखा करायला वाकले, वाजली. भिंतीला टेकवलेली घसरली, वाजली. कागलला एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत वाजली. अंतरपाट धरणारे दोघं गाडीला वाट द्यायला बाजूला सरले, आणि नवरा-नवरीनं मुहूर्ताआधीच एकमेकांना पाहून घेतलं. अण्णांना लाज वगैरे नाही. नवरदेवाच्या बापालाच विचारलं, "आवाज कसा काय वाटला, पावणं?"

वर टेष्टिंग. सकाळ, दुपार, संध्याकाळ काठी आडवी करून वाजवून बघायची. दुपारचं टेष्टिंग नेमकं माझ्या मालिकेच्या वेळेला. नायिकेला सासू घराबाहेर काढते आहे, मी पदर डोळ्याला लावते आहे, आणि शेजारून मोटार मागे येते आहे.

एका दुपारी मी वाटीभर उसळ घेऊन गेले. अण्णा रिकामी वाटी कधी परत द्यायचे नाहीत. तिच्यात काहीतरी घालून आणायला भिंत धरून आत गेले. काठी माझ्यासमोर. मी मूठ फिरवली, सेल काढले, मूठ पुन्हा बसवली, आणि वाटीत गूळ-शेंगदाणे घेऊन सभ्य चेहऱ्यानं घरी आले. दोन सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले, दोन डाळीच्या डब्यात पुरले. मालिका अगदी शांततेत पाहिली.

मालिका संपली आणि मोरी आठवली. आता हा माणूस खरंच पडला तर?

सेल परत बसवायला गेले, तर काठी त्यांच्या हातात. मग "विरजण आहे का?" विचारून परतले. तासाभरात पुन्हा गेले, "नळाला पाणी आलं का?" नळ दोन्ही घरांना एकच, आणि तो माझ्या दारात. दुसऱ्या दिवशी सुई मागितली, घरात शिवणयंत्र असताना. "हुडकून ठिवतो," म्हणाले. सकाळी चहा न्यावा, दुपारी ताक, संध्याकाळी दारात उभं राहून उगाच ढगांची चौकशी. मालिका बुडाली; त्या नायिकेचं पुढे काय झालं मला आजतागायत ठाऊक नाही. काठी काही त्यांच्या हातातून सुटेना. आमचे हे म्हणाले, "तू राहतेस कुठं नेमकी?"

नवल म्हणजे, दिवसातून तीनदा टेष्टिंग करणारा माणूस भोंग्याबद्दल अवाक्षर काढत नव्हता. हे माझ्या ध्यानात यायला पंधरा दिवस लागले. अकलेचं मी आधी सांगितलंच आहे.

सोळाव्या दिवशी नवे चार सेल पदरात बांधून गेले आणि सगळं कबूल केलं. अण्णांनी सेल घेतले, हातात खुळखुळवले, आणि माझ्याच हातात परत ठेवले.

"ऱ्हाऊ द्या, वैनी. त्याच सांजेला टेष्टिंगला कळलं हुतं मला. भोंगा हुता तवा लोकं नुसती 'येऊ द्या' म्हणायची, आत कोण येत न्हवतं. सेल गेल्यापास्नं तुमी दिसातनं सात येळा येताय. शेन्सर आत्ता कुटं नीट बसलाय, त्याला हात लावू नगा. आन ती सुई कवाच घावलीया, पर आज न्हाई देत. उद्या मागायला या."