मिस्त्रींच्या पाणबुडीतला मंद दिवा

बसगाड्यांचे पत्रे ठोकणाऱ्या मिस्त्रींनी गॅरेजात दोन माणसांची पाणबुडी बांधली, तेव्हा बायकोने एकच अट घातली. पहिल्या बुडीला शेजारी ती बसणार. आवडलं तर पाणबुडी राहील, नाहीतर भंगारात जाईल आणि त्या जागी तिचं शिलाई मशीन येईल. मिस्त्री बायकोला ओळखून होते. मशीन कुठल्या भिंतीला लावायचं, हे तिने मापून ठेवलेलं असणार.

मग मिस्त्रींनी जिवाचं रान केलं. तिच्या सीटला फोम लावला. समोरच्या काचेवर बाहेरून बसचा वायपर बसवला. पाण्यात बुडालेल्या काचेला वायपर कशाला, हे विचारायची मेव्हण्याची छाती झाली नाही. पण खरा जीव ओतला तो आतल्या दिव्यात. आत झगझगीत उजेड असला की काचेत आपलंच तोंड दिसतं, आणि ते बघायला पाण्याखाली कोण जातं? म्हणून त्यांनी मिणमिणता लाल दिवा बसवला. त्यात डोळे अंधाराला सरावलेले राहतात. टॉर्चच्या काचेवरही लाल कागद डकवला, तोही गॅरेजातल्या गोंदाने, म्हणजे निघाला तर काचेसकट निघणार. एकसारखी बटणं ओळीने बसवली आणि प्रत्येकाखाली पांढऱ्या पट्टीवर ठसठशीत लाल अक्षरांत नाव लिहिलं. लाल कसं, चटकन नजरेत भरतं.

गॅरेजचं शटर उघडं ठेवून तपासलं, तेव्हा भरलंही होतं.

रविवारी दुपारी सगळे जुन्या खाणीच्या तळ्यावर गेले. मेव्हण्याच्या हातात जाड दोर दिला. भोंगा ऐकू आला की चार माणसांनी मिळून ओढायचं, असं ठरलं. झाकण लागलं, टाकीत पाणी भरलं आणि पाणबुडी अलगद तळाला टेकली.

मिस्त्रींनी बटणांकडे पाहिलं. पट्ट्या कोऱ्या होत्या. लाल उजेडात पांढरी पट्टी लाल झाली होती आणि लाल अक्षरं तिच्यात गुडूप. टॉर्च मारून पाहिला, तर पट्ट्या आणखी लाल.

बायकोने विचारलं, काही बिघडलंय का. मिस्त्री म्हणाले, छे, आणि अंदाजाने एक बटण दाबलं. पंखा सुरू झाला. "गरम होत असेल तुला," ते म्हणाले. दुसरं दाबलं तर वायपर हलायला लागला. "काच स्वच्छ असलेली बरी." तिसरं दाबलं आणि दिवाच गेला.

काळोख. मिस्त्रींना भिंतीला लावलेलं शिलाई मशीन स्पष्ट दिसलं. आता बोलणी बसणार म्हणून ते अंग चोरून बसले, पण शेजारून आवाज येईना.

हळूहळू काचेबाहेर हिरवा उजेड उमटला. वरून उन्हाची तिरीप पाण्यात उतरली होती. तिच्यातून बोटाएवढ्या माशांचा घोळका आला आणि हलणाऱ्या वायपरमागे डावीकडे, उजवीकडे पळायला लागला. बायको काचेला नाक लावून बसली होती.

मिस्त्रींना तिचं नाक कुठे दिसतंय? त्यांनी घाबरून दिवा लावायला आणखी एक बटण दाबलं, आणि भोंगा बोंबलला. वरून चौघांनी असा हिसका दिला की मिस्त्रींचं कोपर बटणांवर आपटून लाल दिवा पुन्हा लागला आणि पाणबुडी बुचासारखी वर आली.

झाकण उघडताच बायको भावावर घसरली. "कुणी सांगितलं रे तुला ओढायला?"

"ताई, भोंगा वाजला म्हणून..."

"वाजू दे. सोड दोर. परत जाणार आम्ही."

मिस्त्रींनी सुटकेचा श्वास घेतला होता, तो अर्ध्यातच अडकला. पण नाही म्हणतो कोण? पाणबुडी पुन्हा तळाला टेकली.

"अहो, तो लाल दिवा बंद करा. डोळ्यांना नुसता त्रास त्याचा."

मिस्त्रींनी त्या दिव्यावर चार महिने घालवले होते. पण आता खोटं बोलून भागणार नव्हतं. "अगं," ते हळूच म्हणाले, "त्याचं बटण कुठलं, मला दिसत नाहीये."

"ते मघाशीच कळलं मला," बायको काचेवरून नजर न हलवता म्हणाली. "मघासारखी दाबत चला. फक्त भोंग्याचं लागलं हाताला तर वर जाऊन तुमच्याशी बोलते."