न्यायला कोण गेलंय?

आमच्या कॉलेजात नवं कपाट येणार असलं तरी आमचे नवे प्रिन्सिपॉल विचारायचे, "न्यायला कोण गेलंय?"

अहो, कपाट! हमालांच्या डोक्यावरून येणारं सागवानी कपाट! त्याला न्यायला कोण जातं? पण प्रिन्सिपॉल यमगर्णीकरांच्या मते या बेळगावात बाहेरून जे जे काही येईल, त्याला सामोरं जायला माणूस हवाच. मुंबईहून परीक्षेचे कागद आले, न्यायला कोण गेलंय? बागेसाठी कलमं आली, न्यायला कोण गेलंय? एकदा माझी सासू यायची होती म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा मागितली, तर तिथंही तोच प्रश्न. मी म्हटलं, "साहेब, ती आपली आपण येते. तिला घर चांगलं पाठ आहे." त्यांनी अर्ध्या दिवसाची पुरी रजा केली आणि मला स्टेशनवर पिटाळलं. मला फलाटावर बघून सासूबाई तिथंच रडायला लागल्या. घरात कोणीतरी गेलं असणार, त्याशिवाय जावई कशाला स्टेशनवर येतोय, असं त्यांना वाटलं. त्यांची समजूत घालता घालता माझी रजा संपली.

मी हेरेकर, या कॉलेजचा हेडक्लार्क. बावीस वर्षं त्या खुर्चीवर आहे. आधीचे तिन्ही प्रिन्सिपॉल कसे शहाण्यासारखे वागायचे. अकराला यायचे, मी पुढं करीन तिथं सही करायचे, चारला घरी जायचे. हे चौथे आले ते थेट परदेशातून. स्कॉटलंडात शिकले, जर्मनीत संशोधन केलं, अमेरिकेतल्या कुठल्याशा युनिव्हर्सिटीत गोऱ्या पोरांना वनस्पतिशास्त्र शिकवलं. सगळी मिळून सोळा वर्षं. मूळचे निपाणीकडचेच, पण एवढी मोठी नोकरी सोडून इथं का आले ते कुणाला कळलं नाही. कॉलेजच्या मंडळानं त्यांना सहा महिन्यांच्या बोलीवर नेमलं. पसंत पडले तर कायम, नाहीतर रामराम.

ते आले त्या दिवशी त्यांना आणायला कॉलेजतर्फे कोणीतरी जायचं होतं. ते काही कारणानं राहिलं. गाडी लेट असली की असं होतं कधीकधी. त्याचं एवढं काही नाही.

तर जूनमध्ये कॉलेज सुरू व्हायच्या आधी त्यांनी हुकूम काढला. पहिल्या वर्षाला येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला उतरवून घ्यायला कॉलेजातला एक माणूस जातीनं हजर राहील. प्रोफेसरसुद्धा. हातात पाटी, पाटीवर त्या मुलाचं नाव. वाचून माझं पित्तच खवळलं. मी तडक त्यांच्या खोलीत गेलो.

"साहेब, हे विद्यार्थी आहेत. व्याही नव्हेत."

ते हसले. म्हणाले, "हेरेकर, मी स्कॉटलंडात पहिल्यांदा उतरलो तेव्हा बर्फ पडत होतं. एवढंसं स्टेशन. सगळे उतारू भराभरा निघून गेले. मनात म्हटलं, आता मेलो. तेवढ्यात एक म्हातारा पाटी घेऊन पुढं आला. पाटीवर माझं नाव होतं, तेही चुकीचं लिहिलेलं. माझी ट्रंक त्यांनीच उचलली. दुसऱ्या दिवशी कळलं, की ते आमचे मुख्य प्रोफेसर."

"तिकडं बर्फ असतं, साहेब. इथं कशाला? आणि सांबऱ्याची पोरं तर चालत येतात. त्यांना कुठं गाठायचं?"

"रस्त्यावर," ते म्हणाले.

आणि खरोखर आमचा भरमा शिपाई पाटी घेऊन दोन दिवस सांबऱ्याच्या रस्त्यावर उभा राहिला. चार पोरं आली. त्यातली दोन त्याला बघून उसाच्या फडात पळाली, शाळेचा इन्स्पेक्टर धरायला आलाय असं समजून. भरमा मला म्हणाला, "आण्णा, ह्यो सायब लई शिकल्यामुळं असा झालाय बघा." मी त्याला दटावलं नाही.

प्रोफेसर वझ्यांचं जे झालं ते तर सांगायलाही लाज वाटते. वझे म्हणजे संस्कृतातले गाढे पंडित. डोक्यावर पगडी, अंगावर उपरणं. त्यांच्या वाट्याला लोंढ्याकडून येणारी गाडी आली. गाडीतून खानापूरकडचा एक शेतकरी आपल्या पोराला घेऊन उतरला. पोराचं नाव पाटीवर वाचून घेतल्यावर त्या माणसाला असा काही आनंद झाला, की त्यानं आणलेला आख्खा फणस वझ्यांच्या हातात दिला. "मास्तर, तुमच्यासाठीच हाय. घट्ट धरा, गळतोय." आणि वझे नाही म्हणायच्या आत तो परतीच्या गाडीची चौकशी करायला निघून गेला. भरबाजारातून वझे उघड्या टांग्यात मांडीवर फणस घेऊन आले. उपरण्याला चीक, दाढीला चीक. कॉलेजच्या दारात प्रिन्सिपॉल उभेच होते. फणसाकडे बघून म्हणाले, "वा! प्रोफेसर, बघा, तुमची ओळख झाली की!"

त्याच संध्याकाळी वझ्यांनी मंडळाकडे साहेबांविरुद्ध अर्ज करायचा विषय काढला.

आता सगळ्यांना कामं वाटून देताना साहेबांनी एक गोष्ट स्वतःकडे ठेवली होती. निपाणीची मोटार. "ती माझ्याकडे," एवढंच म्हणाले. मला वाटलं, आपल्या मुलखाचा अभिमान असेल. पण जून संपला, जुलै संपला, सगळे विद्यार्थी आले, रुळले, काही नापाससुद्धा झाले. तरी दर रविवारी दुपारी ही स्वारी मोटार स्टँडवर हजर! डोक्याला हॅट, हातात पाटी, आणि पाटीची लिहिलेली बाजू छातीशी धरलेली. मोटार आली की पाटी फिरवायची, सगळी माणसं उतरेपर्यंत थांबायचं, मग पाटी परत छातीशी धरून चालत घरी. दिवाळी होऊन गेली तरी हेच. अहो, नोव्हेंबरात कुठला विद्यार्थी येतो? गावात लोक हसायचे. पानाच्या दुकानात मला विचारायचे, "काय हेरेकर, तुमच्या सायबांची मोटार आली का?" मी तोंड चुकवून निघायचो. सोळा वर्षं परदेशात काढलेला, तीन देशांत नाव कमावलेला माणूस, आणि मोटार स्टँडवर ताटकळत उभा राहतो! कॉलेजच्या अब्रूचं काही आहे की नाही?

शेवटी अर्ज तयार झाला. मजकूर वझ्यांचा, अक्षर माझं. इंग्रजीत माझ्यासारखं वळणदार अक्षर कॉलेजात दुसऱ्याचं नाही. 'प्रिन्सिपॉलांच्या वर्तनामुळे अध्यापकवर्गाची प्रतिष्ठा धुळीस मिळत आहे, सबब त्यांना कायम करू नये.' खाली सात सह्या. सोमवारी मंडळाची सभा होती. त्यात साहेबांचा निकाल लागायचा. रविवारी संध्याकाळच्या आत अर्ज अध्यक्षांच्या घरी पोचवायचं काम माझ्याकडे आलं. खोटं कशाला बोलू, मी आनंदानं घेतलं.

रविवारी जेवण करून निघणार, तोच भरमा धावत आला. "सायबास्नी लई ताप आलाय. तुमास्नी बोलीवलंय."

गेलो. साहेब कांबळं लपेटून पडले होते, दात वाजत होते. खोलीत झाडाची वाळकी पानं, पुस्तकं, तीन ट्रंका. ताप बघायला घरचं एक माणूस नाही. मला वाटलं, डॉक्टरला बोलवायला सांगतील. तर टेबलाकडे बोट करून म्हणाले, "हेरेकर, आज निपाणीच्या मोटारीला तुम्ही जा."

"कोण यायचंय, साहेब?"

"बहुतेक कोणी नाही. पण जा."

डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! पाटी उचलून बाहेर आलो आणि बघतो तर पाटीवर नावच नाही. एक पान काढलेलं. तंबाखूचं पान. शिरा न् शिरा दाखवून, देठासकट. माझ्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉलनं सहा महिने हे पान घेऊन गावात शोभा करून घेतली, आणि आता ते माझ्या हातात!

स्टँडवर मोटारीचा पत्ता नव्हता. काकतीजवळ इंजिन तापून उभी राहिली आहे म्हणून सांगत होते. मी पाटी घेऊन उभा. एक फेटेवाला बराच वेळ पानाकडे बघत जवळ आला. "कुठल्या वखारीचं, आप्पा? औंदाचा माल हाय का?" मी कॉलेजचा हेडक्लार्क आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "असू दे की. माल कसा हाय ते सांगा."

एक तास गेला. दीड तास गेला. अर्ज खिशात, अध्यक्षांचं घर दोन गल्ल्या पलीकडं. मी निघालोच होतो. चार पावलं टाकलीही होती.

आता ते मघाचं राहिलेलं सांगून टाकतो. साहेब परदेशातून आले त्या दिवशी त्यांना आणायला जो माणूस जायचा होता, तो मीच. गेलोही होतो. गाडी दोन तास लेट होती, आणि घरी पुरणपोळी होती. एवढा सोळा वर्षं जग फिरलेला माणूस, त्याला काय वाट सापडत नाही, असं म्हणून मी घरी जाऊन जेवलो आणि झोपलो. साहेब उतरले, तासभर ट्रंकेवर बसून राहिले, मग विचारत विचारत चालत कॉलेजात आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पहिलाच प्रश्न केला, "हेरेकर, मला न्यायला कोण येणार होतं?" मी म्हटलं, "चौकशी करतो, साहेब." पुढं त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही.

चार पावलं गेलो होतो तो मागं फिरलो. चरफडत फिरलो, पण फिरलो.

मोटार आली. व्यापारी उतरले, एक वकील उतरला, कोंबड्या उतरल्या. सगळ्यांच्या शेवटी एक म्हातारी बाई दाराला धरून पायरी चाचपत उतरली. इरकली लुगडं, काखेत बोचकं. सगळे पांगले तरी ती तिथंच उभी. मी पाटी फिरवली. ती जवळ आली आणि पानावरून बोट फिरवलं.

"ह्ये आमच्या बाळूचं पान," ती म्हणाली. "ल्हान असताना कोळशानं भितीवर काढायचा. मी सारवायचो, त्यो परत काढायचा. बाळू कुठं हाय?"

"तुम्ही साहेबांच्या कोण?"

"आक्का त्याची. आई मेल्यावर मीच वाढीवला. पर त्यो लगीन ठरल्यालं सोडून बोटीत बसून गेला न्हवं? आमच्या थोरल्या भावाची, आण्णाची, मान खाली गेली गावात. आण्णा म्हणाला, ह्या घरातनं त्याचं नाव काढायचं न्हाय. कागद यायचे त्याचे. मला कुठं वाचाय येतंय? आण्णा चुलीत घालायचा." तिनं पदरानं तोंड पुसलं. "दिवाळीला गावचं पोरगं आलतं, तुमच्या कालेजातलं. म्हणालं, आक्का, आमचा सायब दर आयतवारी निपाणीच्या मोटारीला येतोय, हातात पान काढल्याली पाटी घिऊन. तवाच कळलं मला. पंधरा दीस आण्णाशी भांडलो आणि आलो."

मी बोचकं उचललं. ती नको नको म्हणत होती, तरी उचललं. टांगा केला.

वाटेत अध्यक्षांचं घर लागलं. टांगेवाल्याला मी बसतानाच तिथं थांबायला सांगून ठेवलं होतं. त्यानं लगाम ओढला.

"चल," मी म्हटलं.

"थांबायचं म्हणालतासा न्हवं?"

"चल म्हणतो ना! बहिरा आहेस काय?" मी उगाच त्याच्यावर ओरडलो. आक्का दचकली. उद्या वझे मला फाडून खातील हे मला दिसत होतं. खाऊ देत.

साहेबांच्या खोलीत भरमा त्यांच्या कपाळावर ओली पट्टी बदलत होता. आक्का उंबऱ्यात थांबली. पांढरे झालेले केस, चष्मा, गालाची हाडं वर आलेली, हाच आपला बाळू का, हे तिला कळेना. मग तिनं हाक मारली, "बाळ्या, काय रं ह्ये?"

साहेब धडपडत उठून बसले. चष्मा डोळ्यांवर असताना उशाशी चष्मा शोधायला लागले. आक्का जवळ जाऊन बसली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी तोंड चाचपत राहिली. तीन देशांत नाव कमावलेला तो माणूस लहान पोरासारखा हुंदके देत होता. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

मग त्यांनी डोळे पुसले. आणि विचारलं काय, तर, "आक्का, तुला न्यायला कोण आलं होतं?"

"ह्ये की," आक्का म्हणाली. "किती येळ उभं हुतं बिचारं."

साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पाटी अजून माझ्या हातातच होती.

"हेरेकर," ते म्हणाले, "मग ती चौकशी आता बंद करा."